प्रमाणवेळ, युद्धकालीन वेळ आणि स्थानिक काळाच्या नोंदी : औंढा नागनाथ परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासलेखनात कालनिर्णयाला मूलभूत महत्त्व आहे. शक, फसली, हिजरी, शुहूर आणि इसवी या सनांचा परस्परांशी मेळ कसा घालावा, याचा विचार मराठी इतिहास-संशोधनात वि. का. राजवाडे यांच्या पिढीपासून काटेकोरपणे होत आला आहे. त्यासाठी जंत्र्या तयार झाल्या, तिथी-वारांचे गणित तपासले गेले आणि एखाद्या पत्राची तारीख एका दिवसाने चुकली तरी त्यावर वाद झडले. दिवसाच्या आतील वेळेकडे मात्र अभ्यासकांचे तुलनेने दुर्लक्ष झाले आहे. एखाद्या जन्मपत्रिकेत, पोलीस ठाण्याच्या दप्तरात किंवा रेल्वे स्थानकाच्या नोंदवहीत ‘सकाळी सहा वाजता’ असे शब्द आढळले, की ते आजच्या घड्याळातील सहा वाजणे आहे असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक १९०६ पूर्वीच्या नोंदींना लागू पडत नाही. १९४२ ते १९४५ या काळातील नोंदींनाही पडत नाही.

प्रस्तुत निबंधात हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे स्थान केंद्रस्थानी ठेवून प्रमाणवेळ आणि उन्हाळी वेळ यांच्या कायद्यांचा व नोंदींचा इतिहास तपासला आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून हे क्षेत्र पूजिले जाते. १९४८ पर्यंत ते निजामाच्या हैदराबाद राज्यात होते, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा निर्माण झाला. राज्यकर्ते, सन आणि जिल्हा ज्याप्रमाणे बदलले, त्याप्रमाणे येथील घड्याळाचे अर्थही बदलले. शासनाने ठरविलेली वेळ आणि स्थानाची वेळ या दोन भिन्न गोष्टी आहेत. वेळेच्या अधिकृत नोंदी पहिलीची साक्ष देतात व दुसरी लपवितात, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

स्थानाची वेळ : घटिका, पळे आणि देशांतर

यंत्राचे घड्याळ येण्यापूर्वी दिवसाचा आरंभ सूर्योदयापासून मानला जात असे. अहोरात्राच्या साठ घटिका आणि एका घटिकेची साठ पळे, अशी ही विभागणी होती. आजच्या मापात एक घटिका म्हणजे २४ मिनिटे आणि एक पळ म्हणजे २४ सेकंद. घंगाळातील पाण्यात तळाला छिद्र असलेले घटिकापात्र तरंगत ठेवायचे आणि ते भरून बुडाले की एक घटिका झाली असे समजायचे, ही रीत विवाहमुहूर्ताच्या प्रसंगी महाराष्ट्रात दीर्घकाळ टिकून होती.

या पद्धतीत प्रत्येक गावाची वेळ स्वतंत्र असे, आणि प्राचीन ज्योतिषशास्त्राला याची पूर्ण जाणीव होती. सिद्धान्तग्रंथांनी लंका व उज्जयिनी यांवरून जाणारी मध्यरेषा मुख्य मानली आणि तिच्या पूर्वेस वा पश्चिमेस असलेल्या गावासाठी ‘देशांतर’ नावाचा संस्कार सांगितला. उज्जैनचे रेखांश ७५ अंश ४६ कला पूर्व आहेत, तर औंढा नागनाथचे ७७ अंश २ कलांच्या आसपास. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. त्यामुळे औंढ्याचा मध्यान्ह उज्जैनच्या मध्यान्हापूर्वी सुमारे पाच मिनिटे, म्हणजे जवळपास १३ पळे आधी होतो. एका ठिकाणची वेळ दुसऱ्या ठिकाणी तशीच लागू होत नाही, हा विचार भारतीय परंपरेला परका नव्हता. परके होते ते सर्वांनी एकाच ठिकाणच्या वेळेने वागावे हे बंधन.

ग्रिनिचच्या तुलनेत मोजल्यास औंढ्याची मध्यम स्थानिक वेळ सुमारे ५ तास ८ मिनिटे पुढे आहे. मुंबईची ४ तास ५१ मिनिटे, मद्रासची ५ तास २१ मिनिटे, कोलकात्याची ५ तास ५३ मिनिटे आणि भारतीय प्रमाणवेळ ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. म्हणजे औंढा मुंबईच्या १७ मिनिटे पुढे, मद्रासच्या १३ मिनिटे मागे आणि प्रमाणवेळेच्या सुमारे २२ मिनिटे मागे आहे. पुढील विवेचनात हे आकडे वारंवार उपयोगी पडतील.

रेल्वे आणि मद्रास वेळ

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. रेल्वेचे जाळे विस्तारत गेले तशी गावोगावच्या वेळेची अडचण होऊ लागली. मुंबई आणि कोलकाता यांच्या स्थानिक वेळेत एक तासाहून अधिक अंतर होते. वेळापत्रक कोणत्या शहराच्या घड्याळावर बेतावे, हा प्रश्न केवळ सोयीचा नव्हता. एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या गाड्यांच्या सुरक्षिततेशीही तो निगडित होता. मद्रासचे रेखांश या दोन्ही शहरांच्या साधारण मधोमध येतात. शिवाय तेथे १७९२ पासून ईस्ट इंडिया कंपनीची वेधशाळा होती आणि जॉन गोल्डिंगहॅम याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथील रेखांशाचे व वेळेचे निश्चितीकरण केले होते. म्हणून १८७० च्या सुमारास मद्रास वेळ ही रेल्वेची सामाईक वेळ ठरली.

हैदराबाद राज्यात १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद हा लोहमार्ग सुरू झाला. मराठवाड्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना म्हणजे १९०० मध्ये पूर्ण झालेला मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग. औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा व नांदेड ही गावे या मार्गावर आली आणि पुढे पूर्णेहून हिंगोलीकडे फाटा निघाला. मनमाडला ही गाडी ब्रिटिश हद्दीतील मुख्य मार्गाला मिळत असल्याने वेळापत्रकाचा मेळ राखणे अपरिहार्य होते. अशा रीतीने निजामाच्या राज्यातील शेतकऱ्याच्या अनुभवात ‘रेल्वेची वेळ’ ही एक स्वतंत्र वस्तू दाखल झाली. गावात सूर्याची वेळ, देवळात घटिकांची वेळ आणि स्थानकावर मद्रासची वेळ असे हे सहअस्तित्व होते. औंढ्याच्या भाविकाला रेल्वेचे घड्याळ तेरा मिनिटे पुढे वाटत असणार. मात्र गाडी पकडण्यापुरताच त्याचा या घड्याळाशी संबंध होता.

मुंबईतील घड्याळांचा वाद

सामाईक वेळ जेव्हा स्थानकाच्या बाहेर पडून नगरजीवनात शिरू लागली, तेव्हा संघर्ष उद्भवला. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण मुंबईचे आहे. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी शासकीय कार्यालयांत मद्रास वेळ पाळण्याचा आदेश काढला. शहरात त्याला तीव्र विरोध झाला. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या आणि १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्यावरील घड्याळाने कोणती वेळ दाखवावी, हा या वादाचा केंद्रबिंदू झाला. १८८३ पर्यंत हा प्रश्न धुमसत राहिला आणि अखेरीस मुंबईची स्थानिक वेळ टिकून राहिली.

दरम्यान १८८० मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून ग्रिनिचची मध्यम वेळ ही ग्रेट ब्रिटनची वैध वेळ ठरविली होती. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत २५ राष्ट्रांच्या प्रतिनिधींपैकी बहुसंख्यांनी ग्रिनिच ही मूळ मध्यरेषा मानण्याची शिफारस केली. भारतातही भूशास्त्रज्ञ रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी १८९९ मध्ये देशासाठी ग्रिनिचशी सुसंगत अशा प्रमाणवेळेचा आग्रह धरला. अखेर ८२ अंश ३० कला पूर्व या रेखांशावर आधारित, ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे असलेली वेळ निश्चित झाली. १ जुलै १९०५ पासून ती रेल्वे व तारखात्यात आणि १ जानेवारी १९०६ पासून सर्वसाधारण शासकीय व्यवहारात अमलात आली. ब्रिटनमध्ये हा निर्णय संसदीय कायद्याने झाला. भारतात तो कायदेमंडळाचा स्वतंत्र कायदा न करता शासकीय आदेशाने झाला, हा फरक लक्षणीय आहे.

मुंबईत या आदेशाने घड्याळे ३९ मिनिटे पुढे जाणार होती. जानेवारी १९०६ मध्ये हजारो गिरणी कामगारांनी त्याविरुद्ध उग्र निदर्शने केली. कामगाराच्या दृष्टीने प्रश्न खगोलशास्त्राचा नव्हता. भोंगा घड्याळाप्रमाणे वाजणार आणि घड्याळ पुढे गेल्यामुळे त्याला पूर्वीपेक्षा ३९ मिनिटे लवकर, अंधारातच घर सोडावे लागणार, हा त्याचा रोकडा अनुभव होता. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात बंगालची फाळणी झाली होती. त्यामुळे प्रजेला न विचारता घेतलेला आणखी एक निर्णय या भावनेची धार विरोधाला चढली. महापालिकेने १९०६ मध्येच आपल्या घड्याळांसाठी स्थानिक वेळेची बाजू घेतली आणि त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ एकाच शहरात दोन वेळा नांदल्या. मुंबई वेळेच्या समाप्तीचे वर्ष म्हणून अभ्यासकांच्या लेखनात १९५० आणि १९५५ अशा दोन नोंदी आढळतात. कोलकात्याची स्थानिक वेळ १९४८ पर्यंत चालू होती. प्रमाणवेळ ‘१९०६ मध्ये लागू झाली’ हे विधान म्हणूनच आरंभाच्या दृष्टीने खरे असले, तरी अंमलाच्या दृष्टीने अपुरे ठरते.

हैदराबाद राज्यातील स्थिती

औंढा नागनाथ परिसर या काळात ब्रिटिश हद्दीच्या अगदी जवळ, पण हद्दीबाहेर होता. उत्तरेस लागून असलेला वऱ्हाड प्रांत १८५३ पासून ब्रिटिशांच्या कारभाराखाली होता आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताशी जोडला गेला. हिंगोली येथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. हैदराबादेत नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये वेधशाळा उभारली. १९०८ मध्ये ती राज्याच्या ताब्यात आली आणि निजामिया वेधशाळा म्हणून आकाशाच्या आंतरराष्ट्रीय छायाचित्रण प्रकल्पात सहभागी झाली. ताऱ्यांची स्थाने अचूक टिपणारी संस्था असलेल्या या राज्यात महसुलाचा कारभार मात्र फसली सनाने आणि आजूर, दै, बहमन या इराणी नावांच्या महिन्यांनी चालत असे.

या मिश्र परिस्थितीचा परिणाम कागदपत्रांवर स्पष्ट दिसतो. एकाच कुटुंबाच्या दप्तरात जमिनीचा कागद फसली सनाचा, मुलाची पत्रिका शालिवाहन शकाची व सूर्योदयापासूनच्या घटिका-पळांची, तर तारेचा कागद इसवी सनाचा आणि प्रमाणवेळेचा असू शकतो. फसली सनात सुमारे ५९० मिळविले की इसवी सन येतो, हे मराठवाड्याच्या अभ्यासकांना ठाऊक असते. वेळेसाठी असे परिवर्तन करावे लागते, हे मात्र फारसे लक्षात घेतले जात नाही.

उन्हाळी वेळेचे कायदे आणि युद्धकाळ

प्रमाणवेळ स्थिर झाल्यानंतर तीच हंगामानुसार बदलण्याची कल्पना पुढे आली. न्यूझीलंडमधील जॉर्ज हडसन यांनी १८९५ मध्ये आणि इंग्लंडमधील विल्यम विलेट यांनी १९०७ मध्ये तिचा पुरस्कार केला. उन्हाळ्यात सूर्य लवकर उगवतो, त्या वेळी लोक झोपलेले असतात. घड्याळ पुढे केल्यास सकाळचा वाया जाणारा उजेड संध्याकाळी वापरता येईल, हा त्यामागील युक्तिवाद होता. तथापि, शांततेच्या काळात या सूचनेला कोणत्याही मोठ्या राष्ट्राने दाद दिली नाही. ३० एप्रिल १९१६ रोजी जर्मनी व ऑस्ट्रियाने युद्धकाळातील इंधन वाचविण्यासाठी घड्याळे पुढे केली. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रिटनने आणि १९१८ मध्ये अमेरिकेने त्यांचे अनुकरण केले. उन्हाळी वेळेचा कायदा हे मूलतः युद्धाचे अपत्य आहे. अमेरिकेत १९१९ मध्ये शेतकऱ्यांच्या विरोधामुळे ही तरतूद रद्द झाली, दुसऱ्या महायुद्धात वर्षभराची युद्धवेळ म्हणून परत आली आणि १९६६ च्या कायद्याने तिला एकसारखे स्वरूप मिळाले. युरोपीय संसदेने मार्च २०१९ मध्ये ही प्रथा थांबविण्याच्या बाजूने मत दिले. परंतु २०२१ पर्यंत तसे करण्याचा तो प्रस्ताव अमलात आला नाही.

या कल्पनेचा भौगोलिक आधार उत्तरेकडील अक्षांशांत आहे. लंडनला जूनमधील सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून अधिक, तर डिसेंबरातील सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनही कमी असतो. साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशाजवळील औंढ्याला हेच दिवस अनुक्रमे सुमारे सव्वातेरा आणि अकरा तासांचे असतात. उन्हाळ्यात वाचवावा असा फार मोठा पहाटेचा उजेड येथे नसतोच. तरीही भारतात घड्याळ पुढे करण्यात आले, आणि त्याचेही कारण युद्धच होते.

जपानने ब्रह्मदेशापर्यंत मजल मारल्यानंतर १ सप्टेंबर १९४२ पासून भारतीय प्रमाणवेळ एक तासाने पुढे करण्यात आली. ही व्यवस्था १५ ऑक्टोबर १९४५ रोजी संपुष्टात आली. या तीन वर्षांत घड्याळे ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे होती. त्यापूर्वी १ ऑक्टोबर १९४१ ते १५ मे १९४२ या काळातही एक तासाची वाढ झाली होती. परंतु तिचा संबंध बंगाल प्रांताशी होता. युरोपात घड्याळ उन्हाळ्यात पुढे व हिवाळ्यात मागे होत असे. भारतात ते उन्हाळा-हिवाळा न पाहता सलग पुढे राहिले.

औंढ्याच्या संदर्भात याचा अर्थ काय होतो ते पाहावे. युद्धवेळेने सकाळचे सहा वाजले असता प्रमाणवेळ पाचची असे आणि औंढ्याची स्थानिक वेळ पहाटे ४ वाजून ३८ मिनिटांची. घड्याळ आणि सूर्य यांच्यात जवळपास दीड तासाची फारकत पडली होती. जानेवारी १९४४ मध्ये एखाद्या बालकाचा जन्म रेल्वेच्या घड्याळाशी जुळविलेल्या घड्याळावरून सकाळी सहा वाजता नोंदविला गेला असेल आणि पुढे पत्रिका करणाऱ्याने तो प्रमाणवेळेचा आकडा समजून गणित केले, तर पूर्ण एक तासाची चूक होते. एक राशी उदित होण्यास सरासरी दोन तास लागतात. त्यामुळे अनेक पत्रिकांत लग्नराशीच बदलेल. अनुभवी ज्योतिषी या तीन वर्षांतील जन्मवेळेतून एक तास वजा करतात, ते यामुळेच. फलज्योतिषावर विश्वास असो वा नसो, पत्रिका हा जन्माचा पुरावा म्हणून जपला गेलेला कागद आहे. जन्मनोंदणी अपुरी असलेल्या मराठवाड्यात इतिहासाच्या अभ्यासकाला तो सहज बाजूला सारता येत नाही.

१९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांतही भारतात घड्याळे पुढे केली होती, असे विधान अनेक ठिकाणी आढळते. परंतु ते करताना नेमक्या तारखा वा अधिसूचना दिल्या जात नाहीत, आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या वेळेच्या संगणकीय नोंदवहीतही त्याचा उल्लेख नाही. १९४२ च्या बदलाला तारीखवार आधार आहे; या विधानांना तो दिला गेलेला नाही. अभ्यासकांनी दोहोंना समान वजन देणे योग्य होणार नाही.

संगणकीय नोंदवही आणि तिच्या मर्यादा

वर उल्लेखिलेली नोंदवही हा वेळेच्या इतिहासाचा आधुनिक दस्तऐवज आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती सुरू केली. पुढे पॉल एगर्ट यांच्याकडे तिचे संपादन आले आणि जगभरचे स्वयंसेवक तिच्यात भर घालत राहिले. संगणक व भ्रमणध्वनी भूतकाळातील वा भविष्यातील कोणत्याही ठिकाणची वेळ काढतात ती बहुतांशी या नोंदवहीच्या आधारे. तिच्यातील जुन्या वेळांची पुष्कळ माहिती थॉमस शँक्स यांनी ज्योतिषांसाठी तयार केलेल्या कोशांतून घेतलेली होती. त्या कोशाचे हक्क सांगणाऱ्या ॲस्ट्रोलेब या कंपनीने सप्टेंबर २०११ मध्ये ओल्सन व एगर्ट यांच्यावर दावा लावला. नोंदवही काही काळ बंद पडली आणि ऑक्टोबर २०११ मध्ये इंटरनेटवरील नावांचे नियमन करणाऱ्या आयकॅन या संस्थेने तिची जबाबदारी घेतली. फेब्रुवारी २०१२ मध्ये दावा मागे घेण्यात आला. जन्मवेळ अचूक हवी म्हणून ज्योतिषांनी गोळा केलेली माहिती संगणकविश्वाचा आधार ठरावी, ही बाब अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या नोंदवहीत संपूर्ण भारतासाठी ‘आशिया/कोलकाता’ ही एकच नोंद आहे. १९७० नंतर ज्या प्रदेशातील घड्याळे एकसारखी चालली, त्याला एक नोंद पुरेशी, हा तिचा नियम आहे. त्यामुळे १९७० पूर्वीचा तपशील केवळ प्रातिनिधिक शहराचा राहतो. या नोंदीत आधी कोलकात्याची स्थानिक वेळ, १८७० पासून मद्रास वेळ, १९०६ पासून प्रमाणवेळ आणि १९४१ ते १९४५ मध्ये एक तास वाढीचे दोन टप्पे दिलेले आहेत. तिच्यात मुंबईची वेळ मोजणीसाठी उपलब्ध नाही. औंढ्याची तर नाहीच.

याचा प्रत्यक्ष परिणाम असा होतो : डिसेंबर १९४१ मध्ये हिंगोली भागात झालेल्या जन्माची वेळ प्रमाणवेळेने सकाळी सात अशी नोंदलेली आहे असे मानू. ही एकच नोंद आधाराला घेणारी संगणकप्रणाली तो काळ वाढीव तासाचा समजते आणि बंगालचा नियम मराठवाड्याला लावते. परिणामी जन्म एक तास आधीचा ठरतो. जानेवारी १९४४ च्या उदाहरणात चूक माणसाच्या विस्मरणाने होते. येथे ती यंत्राच्या एकसूत्रीपणाने होते. नोंदवहीचे संपादक या मर्यादा आपल्या टिपणांत स्पष्टपणे मान्य करतात. मात्र टिपणे वाचतो तो अभ्यासक. वापरकर्त्यासमोर येतो तो केवळ निष्कर्ष.

स्वातंत्र्योत्तर धोरण

स्वातंत्र्यानंतर एक देश, एक वेळ हे धोरण कायम राहिले. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीच्या शिफारशींनुसार २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. तिच्या गणितासाठी मध्यवर्ती स्थान म्हणून प्रमाणवेळेचे ८२ अंश ३० कला हे रेखांश आणि उज्जैनचे २३ अंश ११ कला हे अक्षांश घेण्यात आले. जुनी मध्यरेषा व नवी मध्यरेषा यांचा हा समन्वय होता.

पूर्वेकडील राज्यांची तक्रार मात्र मिटली नाही. आसामच्या चहामळ्यांत ‘बागान वेळ’ म्हणून एक तास पुढची वेळ चालत आली. दोन वेळपट्टे किंवा उन्हाळी वेळ यांचा विचार करण्यासाठी २००१ मध्ये नेमलेल्या समितीने बदलाची शिफारस केली नाही आणि २००४ मध्ये तसे संसदेत सांगण्यात आले. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वैज्ञानिकांनी दोन प्रमाणवेळांचा प्रस्ताव शोधनिबंधाद्वारे मांडला. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र शासनाने सर्व वैध व व्यापारी व्यवहारांत भारतीय प्रमाणवेळ सक्तीची करणाऱ्या नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला. १९०५ मध्ये आदेशाने आलेल्या वेळेला वैध मापनाच्या चौकटीत बसविण्याचा हा प्रयत्न होय.

या चर्चेत पश्चिम भारताचा मुद्दा क्वचितच येतो. प्रमाणवेळेमुळे मुंबईचे घड्याळ सूर्याच्या ३९ मिनिटे आणि औंढ्याचे २२ मिनिटे बाराही महिने पुढे असते. वेगळ्या शब्दांत, ज्याला अन्य देशांत उन्हाळी वेळ म्हणतात तिचा काही अंश पश्चिम भारत १९०६ पासून कायम पाळत आला आहे. गिरणी कामगारांचा विरोध याच वाढीव मिनिटांना होता; पुढच्या पिढ्यांना ती मिनिटे नैसर्गिक वाटू लागली.

औंढ्यातील दोन घड्याळे

आजही या क्षेत्री स्थानाची वेळ पूर्णपणे लोपलेली नाही. महाशिवरात्रीच्या निशीथकालाचा मध्य म्हणजे सूर्यास्त ते सूर्योदय या अवधीचा मध्यबिंदू होय. फेब्रुवारीच्या अखेरीस सूर्य मध्यम वेळेच्या सुमारे १३ मिनिटे मागे असतो. त्यात रेखांशाची २२ मिनिटे मिळविली असता औंढ्याची खरी मध्यरात्र प्रमाणवेळेने १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास येते. मुंबईसाठी ती १२ वाजून ५२ मिनिटांच्या आसपास असते. पंचांगात गावोगावचे सूर्योदय वेगवेगळे का द्यावे लागतात, याचे उत्तर या सतरा मिनिटांत आहे. धर्मव्यवहाराने प्रमाणवेळेचे आकडे स्वीकारले, परंतु त्यामागचा देशांतर संस्कार सोडला नाही.

याच तालुक्यात दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यास तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. अशा वेधशाळेच्या प्रत्येक भुजेची लांबी चार किलोमीटर असते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली गेली तेव्हा ती अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन येथे हॅनफर्डच्या सुमारे ७ सहस्रांश सेकंद आधी पोहोचली होती. लहर कोणत्या दिशेने आली हे अशाच अंतरावरून ठरते. भारतातील केंद्राचे महत्त्व दिशेची ही निश्चिती अधिक नेमकी करण्यात आहे. या कामाला प्रमाणवेळ उपयोगाची नाही. उपग्रहांशी जुळविलेली जागतिक वेळ लागते. मात्र तत्त्व जुनेच आहे. एकच घटना दोन ठिकाणी एकाच क्षणी पोहोचत नाही आणि त्या अंतरातच ज्ञान दडलेले असते. देशांतर संस्कार पळांत मोजला जात असे, येथे तो सेकंदाच्या सहस्रांशात मोजला जाईल, एवढाच फरक.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. भारतात प्रमाणवेळ ही एका दिवसाची घटना नसून १८७० च्या सुमारास सुरू झालेली आणि १९५० च्या दशकापर्यंत लांबलेली प्रक्रिया होती. उन्हाळी वेळेचा अवलंब येथे हवामानामुळे नव्हे, तर महायुद्धामुळे झाला, आणि १९४२ ते १९४५ हा काळ वेळेच्या नोंदींच्या दृष्टीने सर्वाधिक धोक्याचा आहे. देशासाठीची एकच नोंद व्यवहाराला पुरेशी असली, तरी इतिहासाला पुरेशी नाही.

मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी स्थानिक साधनांचे संकलन करताना सनाबरोबर वेळेचीही चिकित्सा करावी. नोंद घटिकांत आहे की तासांत. घड्याळ असल्यास ते कशाशी जुळविलेले होते. नोंद १ जुलै १९०५ पूर्वीची की नंतरची. ती युद्धवेळेच्या मर्यादेत येते काय, हे चार प्रश्न प्रत्येक कागदाला विचारता येतील. जुन्या पत्रिका, स्थानकांच्या वह्या, देवस्थानांची दप्तरे आणि वृद्धांच्या आठवणी यांतून उत्तरे मिळू शकतात. १९४२ ते १९४५ या वर्षांची प्रत्यक्ष आठवण असणारी पिढी आता नव्वदीच्या घरात किंवा त्यापलीकडे आहे. घड्याळ एक तास पुढे गेले तेव्हा गावाने काय केले, हे सांगू शकणारे थोडेच लोक हयात आहेत. ही साधने संकलित करण्याचे काम पुढे ढकलता येण्याजोगे नाही.